ऐश्वर्याची भाऊबंदकी

आमच्या गल्लीच्या टोकाला ‘ऐश्वर्य’ नावाची तीन मजली इमारत आहे. जिन्याखाली सायकली आणि जुने कुलर, गच्चीवर काळ्या टाक्या, उन्हाळ्यात एक दिवसाआड टँकर. पाटीवरच्या अक्षरांतली एक मात्रा कधीतरी पावसात गळून पडली, तेव्हापासून ती ‘एश्वर्य’ म्हणूनच उभी आहे. तिच्या एका बाजूला ‘वैभव’, दुसऱ्या बाजूला ‘समृद्धी’. तिन्ही इमारतींत मिळून बहुतेक घरं दोन खोल्यांची. मराठी मध्यमवर्गानं घर घेताना पैसे पोस्टातून आणि पतपेढीतून आणले, नावं मात्र थेट कुबेराच्या कोठारातून.

रोज ती मोडकी पाटी वाचता वाचता शब्दच टोचायला लागला. ऐश्वर्य म्हणजे नक्की काय? आपण म्हणू, भरपूर पैसा, सोनंनाणं, मोठा वाडा, नोकरचाकर. पण शब्दाच्या घडणीत यातलं काहीच नाही. सुंदरपासून सौंदर्य, शूरपासून शौर्य, तसं ईश्वरापासून ऐश्वर्य. आणि ईश्वर म्हणजे मुळात देव नव्हे. ‘ईश्’ या धातूचा अर्थ मालकी असणं, हुकमत चालवणं. ज्याची हुकमत चालते तो ईश्वर, आणि त्याचं मालकपण म्हणजे ऐश्वर्य. खिशात किती आहे याच्याशी सुरुवातीला या शब्दाला कर्तव्य नव्हतं. कोण कोणाचं ऐकतं, एवढाच त्याचा प्रश्न होता.

अमरकोशात ऐश्वर्य येतं ते अणिमा वगैरे आठ सिद्धींच्या संदर्भात. अणूएवढं लहान होता येणं, हवं तेवढं मोठं होता येणं, हलकं होणं, इच्छा पुरी होणं, दुसऱ्याला वश करणं. योग्याच्या या अष्टैश्वर्यात एक छदामही नाही. विष्णुपुराणात ‘भग’ या शब्दाची फोड करताना सहा गोष्टी मोजल्या आहेत, त्यांत ऐश्वर्य आणि श्री ही दोन वेगळी नावं आहेत. म्हणजे मोजणाऱ्याच्या मते सत्ता वेगळी आणि शोभा-संपन्नता वेगळी. शिवाय त्याच सहांत वैराग्यही आहे. ऐश्वर्याच्या पंगतीला वैराग्य बसलेलं पाहून आजचा वाचक बुचकळ्यात पडतो. अर्थ पैशाचा नाही, स्वामित्वाचा आहे हे ध्यानात घेतलं की कोडं सुटतं. स्वतःवर मालकी असणं हीदेखील मालकीच.

त्या शब्दकुळाचा प्रवास पुढे गमतीदार झाला. हरे कृष्ण चळवळीचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी यांनी गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा दहाव्या अध्यायाच्या मथळ्यातच ‘ऑप्युलन्स’ हा शब्द घातला. ज्या अध्यायाला आपण विभूतियोग म्हणतो, तो न्यूयॉर्कच्या वाचकाला ऐषआरामी हॉटेलच्या जाहिरातीत शोभेल अशा शब्दातून भेटला. हसण्याआधी एक गोष्ट मान्य करावी लागते. अमरकोशात विभूती आणि ऐश्वर्य हे पर्यायच आहेत. स्वामींनी शब्द कोशाला धरूनच निवडला, फक्त इंग्रजीतला शब्द तोवर पैशाच्या बाजूला फार झुकलेला होता.

विभूतीचं मराठीत जे झालं ते मला त्याहून आवडतं. वि आणि भू मिळून व्यापणं, पसरणं. त्यातून विभव, विभवातून वैभव, आणि विभूती. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा तो अध्याय मराठीत मांडला तेव्हापासून विभूती म्हणजे देवाचं जगात जागोजाग दिसणारं रूप, हा अर्थ घराघरांत गेला. पुढे मोठ्या माणसालाच विभूती म्हणू लागले, शाळेत थोर विभूतींचे धडे आले. आणि त्याच वेळी कपाळाला लावायची राख, तीही विभूतीच. संपत्ती, थोर पुरुष आणि राख यांना एकच शब्द पुरवणारी भाषा काटकसरी म्हणावी की खवचट?

श्रीची गोष्ट निराळी. ऋग्वेदातली श्री म्हणजे तेज, रूप, झळाळी. उषेला श्री आहे, अग्नीला आहे. संपत्ती नंतर आली, बहुधा या हिशेबानं की जिथे झळाळी तिथे सोनं असणारच. लक्ष्मीचंही तसंच. लक्ष्मी म्हणजे लक्षण, खूण. अथर्ववेदातल्या एका सूक्तात माणसाच्या देहाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्माला येतात, असं म्हटलं आहे, आणि त्यांतल्या वाईट लक्ष्मींना पिटाळून लावायची प्रार्थना आहे. म्हणजे लक्ष्मी चांगलीही असे आणि पापीही. पुढे आपण चांगली तेवढी देवघरात घेतली आणि वाईट तेवढी एकीकडे काढून तिला अलक्ष्मी, अवदसा अशी नावं दिली.

या श्रीचीच तरतम रूपं श्रेयस् आणि श्रेष्ठ. श्रेष्ठापासून श्रेष्ठी, व्यापाऱ्यांचा पुढारी, आणि श्रेष्ठीपासून शेठ. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या शेठजींचं पद असं वेदातल्या झळाळीपाशी जाऊन पोचतं. मधला टप्पा पाहायला लांब जायला नको, लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या सेठीनं हे शैलगृह पुरं केलं, असं तो सांगतो, आणि वर हे जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे अशी शिफारसही जोडतो. प्राकृतातला तो सेठी, आजचा शेठ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखात शेठजींनी आपण किती पैसे घातले ते सांगितलेलं नाही, आपलं काम सगळ्यांत उजवं आहे एवढंच सांगितलं. श्रेष्ठ या शब्दाची आण त्यांनी पाळली. कान्हेरीच्या लेण्यांतही असे सेठी दान देताना भेटतात. ती कल्याण, सोपारा या बंदरांतली माणसं.

‘श्रीमंत’ हा मात्र दरबाराचा शब्द. संस्कृतात एकवचन श्रीमान्, अनेकवचन श्रीमन्तः. आपण भगवंत, हनुमंत यांच्यासारखंच ते ‘मंत’ ठेवून दिलं. पेशवाईत तो किताब झाला. श्रीमंत म्हटलं की पुण्याच्या शनिवारवाड्याचा धनी, पैसेवाला नव्हे. १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, पुढे धनी ब्रह्मावर्ताला गेले, पण किताब इथेच राहिला आणि हळूहळू कुणालाही चिकटू लागला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त, म्हणजे १८९९ पर्यंत, थेरडा पण पैसेवाला भुजंगनाथ श्रीमंत म्हणून मिरवतो आणि त्या जोरावर पोरवयाच्या मुलीशी लग्न लावायला निघतो. ऐंशी वर्षांत किताबाचं विशेषण झालं. गर्भश्रीमंत, नवश्रीमंत अशी पिलावळही मग आली. अजून राजघराण्यांच्या नावापुढे आणि पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या नावापुढे जुना श्रीमंत टिकून आहे. त्या गणपतीच्या नावात श्रीमंत आणि शेठ एकत्र आले आहेत, एकाच श्रीची दोन लेकरं.

हा अर्थ आपल्यापुरता नाही. कन्नडमध्ये श्रीमंत म्हणजे पैसेवाला, गुजरातीत तसंच, तेलुगूत श्रीमंतुडू. हिंदीत मात्र श्रीमान म्हणजे नुसतं ‘अहो’. पैसेवाल्याला तिथे अमीर म्हणतात, आणि अमीर म्हणजे अरबीत हुकूम देणारा, सरदार. रस्ता वेगळा, मुक्काम तोच. आधी सत्ता, मागाहून पैसा.

फारसी दरबारातून आलेल्या शब्दांत हे आणखी ठळक दिसतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द नेमले. पण दौलत आणि खजिना काही हलले नाहीत. दौलत अरबीतल्या ज्या धातूपासून आली, त्याचा अर्थ फिरणं, आळीपाळीनं येणं. दौलत म्हणजे पाळी. आज तुझी, उद्या त्याची. राजघराण्यांची पाळी बदलते म्हणून दौलत म्हणजे राजवट, पुढे राज्य. तुर्कीत अजूनही त्या शब्दाचा अर्थ राज्यसंस्था असाच आहे, आणि सिराजउद्दौला म्हणजे राज्याचा दिवा, पैशाचा नव्हे. मुहंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली आणि देवांच्या डोंगराचं दौलताबाद केलं. काही वर्षांत त्याची पाळी पुन्हा दिल्लीकडे फिरली. एखाद्या शब्दानं आपला मूळ अर्थ इतक्या लवकर खरा करून दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

मराठीत दौलतीचे दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदले. शिंद्यांची दौलत म्हणजे त्यांचं राज्य. घराण्यातल्या मुलाचं नाव दौलतराव. पण शब्द खरा रंगला तो तमाशाच्या फडात. लावणीवर खूष झालेला माणूस नोट काढतो, ती देताना आपल्याकडून, मित्राकडून, गावच्या पाटलाकडून म्हणून नाव घ्यायला लावतो, आणि त्या पैशाला म्हणतात दौलतजादा. दौलत ज्यादा, तुमची दौलत वाढो. आशीर्वाद नाचणारीनं द्यायचा, पैसे बघणाऱ्यानं द्यायचे. राज्यशास्त्रातला शब्द बोर्डावर येऊन दहा रुपयांच्या नोटेइतका सुटसुटीत झाला.

खेड्यात अजून ऐकू येणारा ‘तालेवार’ घ्या. अरबीत तालिअ म्हणजे उगवणारा, ज्योतिषात जन्मवेळी पूर्वेला उगवती असलेली रास, त्यावरून नशीब. तालेवार म्हणजे ज्याचा तारा उगवता आहे तो. गझल लिहिणाऱ्यांचा ‘मतला’ याच घरातला, गझल जिथे उगवते तो पहिला शेर. आणि ‘मातबर’? मुअतबर, म्हणजे ज्याच्यावर इतबार ठेवावा असा. मातबर असामी म्हणजे पैसेवाली असामी हा पुढचा अर्थ, आधी ती विश्वासाची असामी. सावकाराचंही तेच, साधुकार, म्हणजे सचोटीनं वागणारा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारांना राज्याची शोभा मानलं आहे. सावकारी पाशाच्या कथा वाचून मोठे झालेल्या आपल्याला तो शब्द एकेकाळी कौतुकाचा होता हे पटायला जड जातं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, त्यानंतर त्या शब्दातलं साधुत्व परत आलं नाही.

इथे एक नकली नातं सांगायला हवं. ऐषआराम हा शब्द आपण पोटफोड्या ‘ष’नं लिहितो, आणि मनात कुठेतरी तो ऐश्वर्याचा चुलतभाऊ समजतो. हिंदी सिनेमावाले तर ‘ऐश’ हे ऐश्वर्याचं लाडकं नाव असल्यासारखंच वापरतात. नातं काही नाही. ऐश अरबी आहे, त्याचा अर्थ जगणं, आणि इजिप्तमध्ये रोजच्या भाकरीला ऐश म्हणतात. कैरोतला गरीब माणूस सकाळी रांगेत उभा राहून ऐश घेतो. तो शब्द इराणात आला तेव्हा मौजमजा झाला, आणि मराठीत आल्यावर त्याला ष लावून आपण मुंज केली.

गडगंजमधला गंजही असाच फिरस्ता. जुन्या इराणी भाषांत तो खजिना. तिथून तो ग्रीकांनी नेला, हिब्रूनं नेला, आणि आपल्याकडे इतक्या लवकर आला की मथुरेच्या शक क्षत्रप शोडासाच्या काळातल्या ब्राह्मी लेखात त्याचा खजिनदार ‘गंजवर’ म्हणून भेटतो. पुढे मुसलमानी राजवटीत तोच शब्द फारसीतून दुसऱ्यांदा आला, या वेळी साठ्याची बाजारपेठ म्हणून. पुण्याची गंज पेठ, जिथे महात्मा फुले राहिले आणि जिला आता त्यांचंच नाव आहे, नगरचा गंज बाजार, लातूरची गंजगोलाई, जिथून सोळा रस्ते फुटतात. शेतकऱ्याची कडब्याची गंजी आणि विदर्भातल्या चुलीवरचा वरणाचा गंजही याच साठवणीच्या कल्पनेजवळ राहतात. मग गडगंजमधला गड कुठला? काहीजण तो किल्ला धरतात. माझ्या कानाला तो धडधाकटमधल्या धडासारखा जोर देणारा जोडीदार वाटतो. काही असो, गडगंज म्हटलं की ढीग दिसतो, आणि ऐश्वर्य म्हटलं की ढीग दिसत नाही, सिंहासन दिसतं. इतका फरक पुरे.

देशी शब्दांकडे आलं की सूरच बदलतो. गब्बर, रग्गड, बक्कळ, धनदांडगा. गब्बरचं नातं कोशकार गर्वाशी लावतात, आणि तो शब्द उच्चारताना गाल आपोआप फुगतात. आता या तीन थरांची मांडणी पाहा. इमारतीला, मुलीला, पतपेढीला नाव द्यायचं तर संस्कृत, ऐश्वर्या, वैभव, समृद्धी. अदबीनं बोलायचं तर फारसी, मातबर घराणं, तालेवार माणूस. आणि ज्याचा पैसा आपल्याला खुपतो त्याच्यासाठी देशी. ‘जमीन विकून गब्बर झाला’ म्हणतात, ‘जमीन विकून ऐश्वर्यवान झाला’ कुणी म्हणत नाही. रक्कम तीच असेल, शब्द निवडताना बोलणारा आपला हेवा उघडा करतो. मराठी माणसाला पैशाविषयी काय वाटतं हे विचारायला सर्वेक्षण करायची गरज नाही, त्याला शेजाऱ्याविषयी बोलू द्यावं.

या सगळ्यांत ‘नवकोट नारायण’ मला थोरला वाटतो. आपण तो बहुतेक टोमण्यात वापरतो, ‘मोठा नवकोट नारायण लागून गेलास’. कर्नाटकात मात्र हे नाव एका संताचं आहे. पुरंदरदास, परंपरेप्रमाणे १४८४ ते १५६४, कर्नाटक संगीताचे पितामह. पूर्वाश्रमीचे श्रीनिवास नायक, जवाहिरे आणि पेढीवाले, नऊ कोटींचे धनी आणि अट्टल कंजूष. कथा अशी की एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी मदत मागायला रोज येई, आणि नायक त्याला रोज उद्या या म्हणत. शेवटी ब्राह्मण त्यांच्या बायकोकडे गेला, तिनं नाकातली नथ काढून दिली. ब्राह्मणानं ती विकायला नायकांच्याच पेढीवर आणली. नायकांनी नथ ओळखली, तिजोरीत बंद केली आणि घरी येऊन बायकोला विचारलं, नथ कुठाय? ती घाबरून विष घ्यायला निघाली, तर पेल्यात नथ. नायक धावत पेढीवर गेले, तिजोरी रिकामी, ब्राह्मण गायब. नवकोटी वाटून टाकून ते हरिदास झाले, आणि पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ अशी नाममुद्रा घालू लागले. हे पुरंदर म्हणजे सासवडजवळचा आपला पुरंदर गड, असं एक परंपरा सांगते. दुसरी परंपरा त्यांना तीर्थहळ्ळीकडचे मानते. मला पहिली सोयीची वाटते, आणि अशा बाबतीत सोय हा पुरावा नसतो हेही मान्य आहे. पण गंमत पाहा, कन्नडात तो किताब सगळं देऊन टाकणाऱ्याला शोभला, आणि आपल्याकडे येऊन तो खिसा फाटका असलेल्याची थट्टा करायला उरला.

इतर भाषांत काय चाललं आहे, हेही थोडं पाहू. इंग्रजीतला रिच हा लॅटिन रेक्सचा आणि आपल्या राजाचा नातलग आहे, म्हणजे पुन्हा सिंहासन. रशियन भाषेत श्रीमंताला बगाती म्हणतात. त्यातला ‘बोग’ म्हणजे देव, आणि तो आपल्या ‘भग’शी जुळतो. भग म्हणजे वाटा, आणि वाटा देणाराही. भाग, भाग्य, भक्त सगळे एका पंगतीचे. म्हणजे शब्दाच्या बांधणीनं पाहिलं तर रशियातला श्रीमंत आणि आपला भगवंत एकच, ज्याला वाटा मिळाला आहे तो. ऑप्युलन्सच्या मुळाशी लॅटिन ऑप्स आहे. ऑप्स म्हणजे बळ, साधन, आणि पिकापाण्याची रोमन देवीही. तिचा वैदिक भाऊबंद ‘अप्नस्’, म्हणजे मालमत्ता, आणि त्याच्या अगदी शेजारी ‘अपस्’, म्हणजे काम. राबण्याचा आणि संपत्तीचा असा रक्ताचा संबंध दाखवणारं हे एकच घराणं मला या शोधात भेटलं. बाकी सगळी राजे, तारे आणि वाट्यांची.

आता ती इमारत. गेल्या वर्षी तिचा पुनर्विकास ठरला. बिल्डरची गुळगुळीत पुस्तिका आली, त्यात बावीस मजले, तरणतलाव, आणि नवं इंग्रजी नाव, ज्याचा शेवटचा शब्द ऑप्युलन्स. सभेत एका आजोबांनी विचारलं, याचा अर्थ काय हो? सेक्रेटरी म्हणाले, ऐश्वर्य. आजोबा म्हणाले, मग तेच ठेवा की. बिल्डरच्या माणसानं समजुतीनं हसून पान उलटलं आणि कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता उघडला. मला तेव्हा सांगावंसं वाटलं, पण सभेत व्युत्पत्ती कोण ऐकतो, की ऐश्वर्यातल्या त्या ‘ईश्’चे नातलग इंग्रजीतही आहेत. एक शब्द आहे ‘ओन’, म्हणजे मालकीचं असणं. आणि दुसरा त्याचाच सख्खा भाऊ, ‘ओ’, म्हणजे देणं लागणं.

घरं रिकामी करायला दिवाळीपर्यंत मुदत आहे. पाटी अजून तिथेच आहे, मात्रेविना.